बेटावर जाण्याआधी: कलावंत स्वयंसेवकांचे प्रश्न

नाटक, चित्र, बाहुल्या, छायाचित्रण असं काहीतरी हातात असलेली आणि बेटांवरच्या वस्त्यांसाठी आरोग्याचं किंवा निसर्गरक्षणाचं काम करू इच्छिणारी मंडळी आम्हाला पत्रं लिहितात. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. जिथं खोलात जायची गरज होती तिथं उत्तर लांबलं आहे.

पुण्याहून एक पथनाट्य गट: *आम्ही दहा जण घारापुरीला जाऊन स्वच्छता, प्लास्टिक, डेंग्यू, व्यसनमुक्ती आणि समुद्र वाचवा असं पाऊण तासाचं नाटक करणार आहोत. त्याचा खरंच उपयोग होतो का?*

होतो, पण या नाटकाचा होणार नाही. पाच विषय म्हणजे पाच उपदेश, आणि नाटक संपल्यावर उद्या सकाळी उठून काय करायचं ते कोणालाच कळलेलं नसतं.

पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या देशाकडे बघा. सुमारे ऐंशी बेटांचा हा देश. तिथं १९८९ मध्ये पोर्ट व्हिला इथे काही हौशी नटांनी ‘वान स्मोलबॅग’ नावाची नाटकमंडळी सुरू केली. तिथल्या बिस्लामा भाषेत याचा अर्थ ‘एक लहान पिशवी’. नाटकाचं सगळं सामान एका पिशवीत मावलं पाहिजे, कारण होडीत जागा तेवढीच. १९९५ मध्ये त्यांनी समुद्री कासवांवरचं नाटक गावोगाव नेलं. प्रयोगानंतर गावांनी आपल्यातलीच माणसं कासवांची राखण करायला नेमली. पुढे त्यातूनच ‘वानुआ-ताई’ या नावाने ओळखलं जाणारं राखणदारांचं जाळं उभं राहिलं. याच मंडळीने पुढे आरोग्य केंद्रही चालवलं. नाटक संपलं तेव्हा गावात कामाची जबाबदारी घेतलेला माणूस होता, हे यातलं खरं मर्म आहे.

तुम्ही डेंग्यूचा एकच विषय घ्या. त्यातही ‘साठलेलं पाणी’ इतकं मोघम नको. बेटावर पाणी नेमकं कुठं साठतं ते आधी जाऊन बघा. धक्क्याला आणि होडीच्या कडेला बांधलेले जुने टायर, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नादुरुस्त होड्या, मासळीच्या बर्फाचे फुटके थर्माकोलचे खोके आणि पिण्याच्या पाण्याची पिंपं या चार जागा सापडतीलच. टायरला सगळ्यात खालच्या बाजूला इंचभर व्यासाचं भोक पाडायचं. होडी उपडी घालायची किंवा तिचं बूच काढून ठेवायचं. पिंपावर दुपदरी सुती कापड घालून स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून कापलेलं रबराचं कडं चढवायचं. नुसतं झाकण पुरत नाही, ते तिरकं बसतं. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून आतली बाजू काथ्याने घासायची. घासायचीच, कारण या डासाची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी ओतून दिलं तरी पुन्हा भरल्यावर ती फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम.

नाटक वीस मिनिटांचं करा. मध्यावर पारदर्शक बाटलीत त्याच गावातल्या पिंपातून सकाळी काढलेल्या अळ्या आणा. बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि मागून टॉर्च धरा. डेंग्यूच्या डासाची अळी डोकं खाली करून पृष्ठभागाला तिरकी लटकते, बाटली हलवली की वळवळत तळाला जाते आणि श्वासासाठी पुन्हा वर येते. बाटली हातोहात फिरू द्या. दहा संवादांनाही या एका मिनिटाची सर येत नाही. प्रयोग झाला की तिथल्याच पोराबाळांना आणि आशाताईंना सोबत घेऊन टॉर्चने घराघरातली भांडी बघा आणि वहीत लिहा: पाहिलेली भांडी किती, अळ्यांची भांडी किती. आठ आठवड्यांनी पुन्हा जाऊन तीच मोजणी करा. आकडा उतरला नाही तर नाटक बदला.

आता वेळेचं. भरती-ओहोटी न बघता निघालेला गट चिखलात अडकतो. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बारा वाजता ओहोटी. त्रयोदशीला पावणेदहाची भरती. सकाळी दहाच्या सुमाराला ढोलकी-सामानासकट उतरायचं असेल तर द्वादशी-त्रयोदशी बरी. बंदराच्या छापील भरतीच्या तक्त्याशी हा हिशेब पडताळून घ्याच. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे दुकानं-टपऱ्या चालवणारी मंडळी त्या दिवशी मोकळी सापडतात. मात्र त्या दिवशी पर्यटकांच्या लाँचवर भरवसा नको. परतीची होडी आधी ठरवा, मुक्काम ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय धरू नका. या जलमार्गावर १८ डिसेंबर २०२४ रोजी मोठा अपघात होऊन माणसं दगावली आहेत. लाइफ जॅकेट होडीत पाय ठेवतानाच घाला आणि उतरेपर्यंत काढू नका.

जागा निवडताना वारा बघा. दुपारनंतर खारा वारा पश्चिमेकडून येतो. नट त्या बाजूला उभे राहिले तर आवाज वाऱ्याबरोबर प्रेक्षकांकडे जातो, उलट उभे राहिले तर तिसऱ्या रांगेलाही काही ऐकू येत नाही. पण मग मावळतीचं ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातं. म्हणून दिवस मावळल्यावर सुरू करा किंवा नटांच्या मागे उंच भिंत असेल अशी जागा धरा.

शेवटचं, आणि यावर आमचा फार जोर आहे. दारुडा, अडाणी, शिवराळ कोळी हे पात्र नाटकातून काढून टाका. आगरी-कोळी बोलीची नक्कलही नको. संहिता आधी बेटावरच्या बचत गटाच्या बायकांना वाचून दाखवा. त्या जिथं गप्प होतील ती जागा चुकली आहे असं समजा.

कोल्हापूरहून एक परिचारिका: *मी आणि माझी चित्रकार बहीण मिळून जुलाब आणि ओआरएसवर चित्रफलक करतोय. बेटावरच्या वस्तीसाठी त्यात वेगळं काय हवं?*

दोन गोष्टी: पाकिटाचं माप आणि पाण्याची चव.

ओआरएसची पाकिटं दोन आकारांत मिळतात. मोठं सुमारे साडेवीस ग्रॅमचं, ते एक लिटर पाण्यात घालायचं. लहान सुमारे सव्वाचार ग्रॅमचं, ते २०० मिलिलिटर पाण्यात. नेहमी घडणारी चूक म्हणजे मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवणं. असं पाणी पाचपट खारं होतं, आणि लेकराला ते वाचवण्याऐवजी धोक्यात घालतं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या हीसुद्धा चूक, कारण पुडीतले क्षार आणि साखर सारखे मिसळलेले नसतात. फलकावर पाकीट खऱ्या आकाराचं काढा आणि शेजारी एक लिटरची बाटली काढा. पर्यटक जाणाऱ्या बेटांवर ही बाटली घरोघरी असते आणि तिच्याइतकं बिनचूक माप दुसरं नाही. साध्या घागरीचं किंवा तांब्याचं चित्र काढू नका. तांब्या प्रत्येक घरात वेगळा असतो.

आता पाणी. लहान बेटावर विहिरीतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरासारखं असतं. फाल्गुन-चैत्रापासून उपसा वाढला की ते मचूळ होत जातं. अशा पाण्यात पाकीट घातलं तर क्षार आणखी वाढतात. म्हणून फलकाची पहिली चौकट ‘पाणी चाखा’ अशी हवी. मचूळ लागलं तर ते नको, साठवलेलं पावसाचं किंवा होडीने आलेलं गोडं पाणी उकळून गार करून घ्या.

पाकीट नसेल तेव्हाचं घरगुती माप: एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तेवढा. ‘सपाट’ दाखवायला चमच्यावरून सुरीची पाठ फिरवणारा हात काढा. शीग भरलेला चमचा हे या कृतीतलं सगळ्यात मोठं संकट आहे. इथेही पाणी मचूळ असता कामा नये. तयार पाणी अश्रूंइतपतच खारट लागावं, जास्त लागलं तर ओतून द्या. चोवीस तासांनी उरलेलंही ओतून द्या.

द्यायचं किती? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००. चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्याही थांबतात, हे घरोघरी होतं. म्हणून आम्ही चौदा चौकटींचं छोटं कार्ड करायला सांगतो, रोज एक मासा रंगवायचा. मुलंच मग आईला आठवण करतात.

शेवटची चौकट होडीची. डोळे खोल गेले, मूल गळून गेलं, पीत नाही, शौचातून रक्त पडतं किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर भरतीची वाट न बघता मिळेल त्या होडीने निघायचं. पिता येत असेल तर होडीतही चमचा चालू ठेवायचा. आईच्या मांडीवर मूल, हातात बाटली, असं चित्र काढाच. दवाखान्याकडे निघाल्यावर लोक पाणी पाजणं थांबवतात आणि बेटावरून निघालेला तो तास-दीड तासच महागात पडतो.

छापण्याआधी फलक दहा बायकांना दाखवा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतील. ‘आता मला करून दाखवा’ म्हणा. दहातल्या आठजणींनी माप बरोबर घेतलं तरच छापा.

ठाण्याहून एक चित्रकार: *बेटावरच्या एका शाळेच्या भिंतीवर आम्ही प्रवाळ आणि माशांचं मोठं चित्र काढलं. पहिल्याच पावसानंतर रंगाला फोड आले. चांगल्या कंपनीचा ॲक्रिलिक रंग होता. काय चुकलं?*

रंग नव्हे, भिंत. समुद्राकाठच्या भिंतीत मीठ मुरलेलं असतं. ओल आली की ते विरघळतं, वाळताना पृष्ठभागाशी येऊन त्याचे स्फटिक होतात. ॲक्रिलिकचा थर भिंतीतली वाफ पुरती बाहेर सोडत नाही, मग ते स्फटिक मागून रेटून तो थर उचलतात.

आता सगळा सुटा रंग खरवडा. पांढरा क्षार आधी कोरड्या ब्रशने झाडा, पाणी मारलंत तर तो पुन्हा आत जाईल. झाडून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि भिंत भर उन्हाळ्यात सुकू द्या. मग दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. आतून दव साठलं तर भिंत अजून ओली आहे. कोरडी निघाली की चुन्याचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हाताआधी भिंत किंचित ओलसर करून. रंगही चुन्यात टिकणारे घ्या: गेरू, पिवळी माती, काजळी. झगझगीत निळा मिळणार नाही हे खरं, पण फोड येणार नाहीत. जमलं तर नैर्ऋत्येची भिंत सोडून ईशान्येची निवडा, पाऊस तिला कमी झोडपतो. आणि चित्र पुरातन वास्तूच्या आवारात असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ब्रशही काढू नका.

रत्नागिरीहून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी: *कासवांच्या घरट्यांचं काम करायचंय, आणि त्याचे फोटोही काढायचेत. काय शिकून जावं?*

आपल्या किनाऱ्यावर वेळासला २००२ पासून स्थानिक लोक आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मिळून जे उभं केलं ते बघूनच सुरुवात करा. बेट असो की किनारा, ऑलिव्ह रिडलेचं घरटं तेच. साधारण दीड फूट खोल, मानेशी अरुंद आणि तळाशी फुगीर, मडक्यासारखं. त्यात शंभराच्या आगेमागे अंडी.

घरटं जागच्या जागी राखता आलं तर उत्तम. उधाणाचं पाणी, कुत्री, कोल्हे यांची भीती असेल तरच वनखात्याच्या परवानगीने हलवायचं. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा आहे. हलवायचं तर घातल्यापासून दोन-तीन तासांत. पुढे गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटतो आणि अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून अंडं ज्या बाजूने वर आहे त्याच बाजूने उचलायचं आणि तसंच ठेवायचं. टोपलीत खाली ओली वाळू हवी आणि चालताना हिसका बसता कामा नये. नवा खड्डा मूळ खोलीचा आणि मूळ आकाराचा करायचा, दोन घरट्यांत मीटरभर अंतर ठेवायचं. वर तारीख, अंड्यांची संख्या, जागा यांची पाटी लावायची. पेन्सिलने लिहा, पेनची शाई खाऱ्या दमट हवेत उडते. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं येतात. वाळू जास्त तापली तर बहुतेक माद्या निघतात, त्याहून तापली तर अंडीच मरतात. उन्हाचा ताप वाढला की चटईची सावली उंचावर बांधा, जमिनीलगत नको, वारा खेळला पाहिजे.

फोटोचं उत्तर थोडक्यात: फ्लॅश नाही, पांढरा टॉर्च नाही, मोबाइलचा पडदाही झाकलेला. पिल्लं पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात, तेव्हाच्या उजेडात जे मिळेल ते. पिल्लू हातावर घेऊन काढलेला फोटो छापू नका. तो बघून दुसरे शंभर जण पिल्लू हातावर घेतात. पिल्लांनी वाळूवरून स्वतःच समुद्रात जायचं असतं.

सिंगापूरहून एक वाचक: *काही परदेशी संस्था पैसे घेऊन बेटांवर आठ-दहा दिवसांच्या सेवासहली नेतात. आरोग्य आणि प्रवाळसंवर्धन दोन्ही एकत्र, असं सांगतात. हे दोन विषय मुळात एकत्र का असावेत?*

दोन्ही एकत्र असण्यामागे चांगलं कारण आहे. माडागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आणि लगतच्या छोट्या बेटांवर राहणारे वेझो लोक आठपाय म्हणजे ऑक्टोपस पकडून जगतात. अँदावादुआका गावाजवळ २००४ च्या अखेरीला गावकऱ्यांनी ‘ब्लू व्हेंचर्स’ या संस्थेच्या साथीने प्रवाळाचा एक भाग काही महिने शिकारीला बंद ठेवला. हा प्राणी फार झपाट्याने वाढतो आणि वर्ष-दीड वर्षच जगतो. त्यामुळे बंदी उठल्यावर मोठे प्राणी हाती लागले आणि शेजारची गावंही तसं करू लागली. पण तिथल्या बायांना बाळंतपणाची आणि पाळणा लांबवण्याची सोय जवळपास मिळत नव्हती. म्हणून २००७ पासून तिथं आरोग्यसेवाही सुरू झाली. भूक आणि आजारपण दारात असताना समुद्र राखायला कोणी सवड काढत नाही, इतकं हे साधं आहे.

पैसे भरण्याआधी मात्र विचारा: तिथली किती माणसं पगारावर आहेत? तुम्ही पाण्याखाली मासे मोजणार असाल तर आधी ओळखीची परीक्षा घेतात का? तुमच्या नोंदी कोण वापरतं? उत्तरं मोघम आली तर ते पर्यटन आहे, आणि पर्यटन म्हणून जायला हरकत नाही. सुई, औषध, टाका यांना हात लावू देऊ म्हणणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. जे काम इथं करायची मुभा नाही, ते बेटावरच्या माणसावर का करायचं?

नाशिकहून: *लक्षद्वीपला बाहुलीनाट्य नेता येईल का? आणि कागदाच्या लगद्याच्या बाहुल्यांना बुरशी येते, उपाय?*

प्रवेश परवाना लागतो, १९६७ च्या नियमांनुसार. तो हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. वस्तीची बेटं दहा. बहुतेकांवर जसरी ही मल्याळमची बोली आणि मिनिकॉयवर महल बोलतात, म्हणजे मराठी-हिंदी संवाद निरुपयोगी. मूकनाट्य करा किंवा आवाज तिथल्याच शिक्षकांना देऊ द्या. येताना प्रवाळाचा तुकडाही आणू नका, कायद्याने बंदी आहे.

बाहुल्यांबद्दल: खळीत मोरचूद घालायची जुनी रीत बुरशीला आणि किडीला आवरते, पण मोरचूद विषारी आहे आणि बाहुल्या लहान मुलं तोंडात घालतात. त्यापेक्षा डोकं करवंटीचं, केस काथ्याचे, अंग सुती कापडाचं करा. फाटलं तर बेटावरच दुरुस्त होतं.

अलिबागहून दोन डॉक्टर आणि एक ग्राफिक डिझायनर: *आमच्याकडे वर्षातून दोनच दिवस आहेत. शिबिर घ्यावं का?*

रक्तदाब-साखरेचं एक दिवसाचं शिबिर पुढच्या औषधपाण्याची सोय नसेल तर घेऊ नका. उपकेंद्राच्या परिचारिकेला विचारून, तिच्या यादीतल्या माणसांसाठीच जा आणि नोंदी तिच्याकडेच ठेवा.

दोन दिवसांत पुरं होणारं एक काम आहे: जवळचा चष्मा. चाळिशी उलटलेल्या माणसाला जाळं विणताना गाठ दिसेनाशी होते आणि तो ते काम मुलाकडे किंवा मजुरीवर देतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या ओढलेल्या असतात आणि माणसं जाळी दुरुस्त करत घरी असतात. पावसाळी समुद्र बघून, शक्यतो जूनच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच जा. अधिक १ ते अधिक ३ पर्यंतचे तयार चष्मे अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने घ्या, दीड आणि दोनचे जास्त. डिझायनरने अक्षरांऐवजी जाळ्याच्या गाठी आणि आस म्हणजे जाळ्याची भोकं यांचा तक्ता करावा, वरून खाली बारीक होत जाणारा. एका डोळ्याला कमी दिसतंय किंवा लांबचंही धूसर आहे असा माणूस निघाला तर त्याला चष्मा देऊन वाटेला लावू नका, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. बाकीच्यांना तक्ता दाखवल्यावर त्यांचं स्वतःचं जाळं आणि विणायची सुई हातात द्या, नेहमी धरतात तेवढ्याच अंतरावर. दिसेल त्यातला सगळ्यात कमी नंबर द्या आणि उठण्याआधी दहा गाठी मारू द्या. गाठ मारताना मान मागे जात असेल तर नंबर कमी पडतोय, जाळं नाकाशी येत असेल तर जास्त झालाय.